कोंबड्या निवांत आहेत

माझा स्वभाव संशयी आहे आणि मी तो लपवत नाही. आमच्या घराण्यात तो पिढीजात आहे. पणजोबा गायकवाड सरकारच्या पागेत पहाऱ्यावर होते, आणि वडील सांगायचे की जो पहारेकरी सांगून गस्तीला निघतो तो पहारेकरी नव्हे, वरातीतला बँडवाला. आमच्याकडे दूधवाल्याचं माप घरच्या मापानं पुन्हा मोजलं जायचं. पाहुण्यांनी सांगितलेली गाडीची वेळ स्टेशनावर विचारून खात्री केली जायची. लग्नानंतर नवऱ्याला हे जड गेलं. आता ते बाहेरून आले की मी न विचारताच कुठे गेलो होतो ते सांगतात.

प्रयोगशाळेत मात्र हा स्वभाव कामाला येतो. तेवीस वर्षं मी बडोद्याच्या एका औषध कंपनीत रक्ताचे नमुने तपासले आणि गेली सहा वर्षं सावली रस्त्यावरच्या एका हॅचरीत तेच करते. फक्त रक्त आता कोंबड्यांचं असतं. इथल्या कोंबड्यांची अंडी खायला जात नाहीत, उबवायला जातात. आमच्या सोसायटीत अंड्याचं नावही चालत नाही, म्हणून शेजाऱ्यांना मी 'लॅबमध्ये' आहे एवढंच सांगते. प्रत्येक नमुना मी दोनदा लावते, आणि दोन आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा. सगळे मला संयोगिताताई म्हणतात, आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि डॉक्टर समरजित घोरपड्यांनी नवा प्रयोग काढला. समरजित आमच्या संशोधन विभागाचे प्रमुख. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण मी त्यांना सरच म्हणते. वीस आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, दोन शेडमध्ये हलवल्या. एक नंबरमध्ये पिंजरे. दोन नंबरमध्ये जमिनीवर भाताच्या तुसाची गादी, अंडी घालायला लाकडी खोकी आणि बसायला दांड्या. कोणत्या घरात कोंबडी सुखानं अंड्यावर येते, एवढंच पाहायचं होतं.

कोंबडी अंड्यावर येते तेव्हा तिच्या अंगात मोठी उलथापालथ चालते. अंडाशय जागं होतं, एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन वाढतात, तुरा लालभडक होतो. पण मनात भीती बसली की कॉर्टिकोस्टेरॉन नावाचं ताणाचं हार्मोन चढतं आणि ते बाकीच्यांना दाबून टाकतं. मग अंडं लांबतं. मुलगी सासरी रुळली की नाही हे तिच्या तोंडावरून कळतं, कोंबडीचं रक्तावरून कळतं. माझी स्वतःची हार्मोनं दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाली होती, त्यामुळे हे काम मी अगदी तटस्थपणे करू शकत होते.

दर बुधवारी दहाला दोन्ही शेडमधून बारा-बारा कोंबड्यांचं रक्त घ्यायचं ठरलं. त्याची अट कडक. कोंबडी हातात धरल्यापासून तीन मिनिटांच्या आत पंखाखालच्या शिरेतून थेंब निघाला पाहिजे. त्यानंतर पकडल्याची भीती रक्तात उतरते आणि नमुना बाद होतो. तीन मिनिटांच्या आतलं रक्त मात्र खरं बोलतं. ती त्या घरात कशी राहते, थोड्या वेळापूर्वी तिच्यावर काय गुदरलं, सगळं त्यात असतं. सर स्वतः सुई लावायचे, शेडचा माणूस कोंबडी धरायचा आणि मी घड्याळ व बर्फाचा डबा घेऊन उभी राहायचे. सहा वर्षांत मी शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. तोवर नमुने माझ्या खिडकीत यायचे.

दोन नंबरची शेड सांभाळायचा सुभाष बोरसे. पंचेचाळिशीचा, मूळचा धुळ्याकडचा. वडील रिफायनरीत कंत्राटी कामाला आले आणि इथलेच झाले. सुभाष आणि त्याची बायको विमल शेडमागच्या क्वार्टरमध्ये राहायची. पहिल्याच बुधवारी त्यानं दारासमोर उभं राहून बादलीनं पत्रा दोनदा ठोकला. थांबला. मोठ्यांदा म्हणाला, "आलो गं पोरींनो, आलो." आणि मग दार उघडलं. मी मनात म्हटलं, हा कुणाला सावध करतोय?

आत गेल्यावर त्यानं एक कोंबडी उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"ताई, हिचा तुरा बघा. ही आठवड्यात घालेल."

"तुला कसं कळलं?"

"बघून."

जो माणूस नुसतं बघून सांगतो त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. मला बारा नमुने, तपासणीची एक प्लेट आणि पूर्ण दिवस लागतो, आणि हा बघून सांगणार.

पहिल्या आठवड्यात दोन्ही शेडमध्ये ताणाचं हार्मोन चढलेलं होतं. जागा बदलली की चढतंच. दुसऱ्या आठवड्यात एक नंबर उतरली आणि दोन नंबर थोडी वरच राहिली. सर म्हणाले, "जमिनीवरच्या कोंबड्यांत आधी मोठी कोण, धाकटी कोण ते ठरतं, ताई. थोडी मारामारी होते. वेळ लागेल." मी मान डोलावली. पण आत कुठेतरी पाणी मुरतंय, असं माझं मन मला सांगत होतं.

पुढच्या आठवड्यात पहिली अंडी आली. एक नंबरमध्ये जास्त, दोन नंबरमध्ये कमी. आणि त्याच दिवशी मी क्वार्टरवरून जाताना विमल ओट्यावर बसून अंड्यांची टरफलं कुटत होती. शेजारी डब्यात कढीलिंबाचं रोप.

"काय गं हे?"

"फुटकी असतात ताई. सरांनीच न्यायला सांगितलंय. रोपाला चांगलं असतं टरफल."

फुटकी. पण ती आधी फुटतात की क्वार्टरवर आल्यावर फुटतात, हे कोण बघतं? माझ्या डोक्यात सगळं जुळायला लागलं. हा सकाळी लवकर आत शिरतो, खोक्यांत बसलेल्या कोंबड्यांना उठवून अंडी काढतो, म्हणून अंडी कमी आणि म्हणून कोंबड्या भेदरलेल्या. माझ्या डायरीत मी तारीख घालून तसं लिहिलं. आता त्याला पकडायचं एवढंच राहिलं होतं.

मी कंपनीच्या बसनं साडेनऊला यायचे. पुढच्या बुधवारी ॲक्टिवा काढली आणि सव्वानऊलाच पोचले. दोन नंबरला मागून एक दार आहे, अंडी ठेवायच्या खोलीतलं. गमबूट चढवले, जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवले, अंगात पांढरा कोट घातला आणि दार एकदम उघडलं. चोराला दार वाजवून कुणी पकडत नाही.

सगळी शेड उसळली. पिसं, तूस, धूळ आणि कान फाटेल असा कल्ला. शेकडो कोंबड्या पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन एकमेकींच्या अंगावर चढल्या. मधोमध सुभाष पाण्याचं भांडं हातात धरून उभा होता. तो कोपऱ्याकडे धावला आणि दोन्ही हातांनी त्यांना मोकळं करायला लागला.

"काय झालं ताई?" तो तिथूनच ओरडला.

"काही नाही. बर्फाचा डबा राहिला होता."

खोक्यांत पाहिलं, त्याच्या पिशवीत पाहिलं. काही सापडलं नाही. पण डायरीत लिहिलं : 'सव्वानऊ. कोंबड्या अत्यंत भेदरलेल्या. माणूस दिसताच कोपऱ्यात पळतात. यांना कुणीतरी आधीपासून घाबरवत आहे.' ते वाक्य अजून तिथे आहे. माझं अक्षर चांगलं आहे.

दहाला रक्त घेतलं. एकही कोंबडी तीन मिनिटांच्या पुढे गेली नाही. गुरुवारी संध्याकाळी आकडे आले आणि आलेखावर दोन नंबरची ताणाची रेघ दुपटीनं वर गेली होती. मी सरांना दाखवलं. ते म्हणाले, "विचित्र आहे." मी म्हटलं, "विचित्र काही नाही, सर. मला थोडा वेळ द्या."

त्यानंतरचे तीन बुधवार मी तेच केलं. मध्ये दोन सोमवारीही जाऊन आले. दर वेळी कोंबड्या तशाच उसळायच्या आणि दर वेळी माझा संशय पक्का व्हायचा. एकदा सुभाष हात पुसत माझ्याकडे आला.

"ताई, मागच्या दारानं नका येत जाऊ. पुढून या ना. मी उघडून देईन."

"का? मागून आलं तर काय होतं?"

तो काही तरी बोलणार होता, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबला. मी कंपनीची जुनी बाई, आणि तो रोजंदारीवरून कायम झाल्याला जेमतेम वर्ष झालेलं. "काही नाही," म्हणाला. चोराच्या मनात चांदणं, असं मी त्या दिवशी घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, "तो तुला घाबरत असेल." मी म्हटलं, खऱ्या माणसानं घाबरायचं कारणच काय?

डिसेंबरच्या मध्यावर मी सरांपुढे आलेख ठेवला. ताणाची रेघ वर, एस्ट्रोजेनची खाली, आणि अंडी एक नंबरच्या निम्मी. मुख्य कार्यालयातून रोज विचारणा होत होती. जमिनीवरचं घर वाईट असं ठरलं असतं तर पुढच्या सगळ्या शेडमध्ये पिंजरेच लागले असते. मी सांगितलं, घर वाईट नाही, माणूस वाईट आहे. सरांनी सुभाषला बोलावलं. तो टोपी हातात घेऊन टेबलाशी उभा राहिला. अंड्यांचं नाव काढलं तेव्हाही तो फक्त आलेखाकडे बघत होता.

"सर, ही रेघ वर गेली म्हणजे त्यांना भीती वाटते?"

"हो."

"आणि ही आमच्या दोन नंबरची?"

"हो, सुभाष."

तो म्हणाला, "मी त्यांना कधी उगाच हात नाही लावला, सर." त्याचा आवाज इतका खाली गेला होता की मला तो गुन्ह्याचा कबुलीजबाबच वाटला. सरांनी त्याला क्वार्टर सोडायला तीन दिवस दिले. बाहेर एक नंबर सांभाळणारा आनंद परमार उभा होता, तो सावलीचाच. मी त्याला ऐटीत म्हटलं, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही." त्याला काही कळलं नाही. "हां बेन," म्हणाला.

आनंदकडे दोन्ही शेड आल्या. आता पकडायला कुणी नव्हतं, म्हणून मीही पुन्हा बसनं साडेनऊला यायला लागले. आणि रेघ उतरली. पहिल्या बुधवारी थोडी, दुसऱ्या बुधवारी पार खाली. एस्ट्रोजेन वर आलं. तुरे लाल झाले, हे तर मलाही दिसलं. अंडी भराभर वाढली आणि दोन नंबरनं एक नंबरला गाठलं. सर माझ्या टेबलाशी आले. "ताई, तुमची नजर मानली." मुख्य कार्यालयातून शाबासकीचं पत्र आलं. ते मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. बाहेरून चिकटवलं असतं तर लोकांची नजर लागली असती.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी उंधियूची भाजी घ्यायला खंडेराव मार्केटला गेले होते. पापडीच्या ढिगापाशी विमल दिसली. वाळली होती. माझ्याकडे बघून तिनं पदर सारखा केला. मला वाटलं भांडेल, तर ती म्हणाली, "ताई, कोंबड्या बऱ्या आहेत ना? हे रोज विचारतात."

मला त्याचा रागच आला. काय विचारायचं तोंड आहे! मी म्हटलं, "अगदी निवांत आहेत. सुभाष गेला त्याच आठवड्यापासून. रक्तात स्पष्ट दिसतं ते. त्याला सांग."

"सांगते," ती म्हणाली. "बरं झालं." मग तिनं निवडलेली अर्धी पापडी ढिगात परत टाकली आणि निघून गेली. निर्लज्ज आहे, असं मी तेव्हा मनात म्हटलं. आता लिहायला हात जड होतो, पण म्हटलं होतं खरं.

उत्तरायण झालं. दोन दिवस पतंगांच्या सुट्टीत हॅचरी आनंदच्या भरवशावर होती, आणि सुट्टीनंतर दोन नंबरची अंडी किंचित कमी दिसली. शंभर कोंबड्यांमागे तीन. दुसरं कुणी असतं तर थंडीवर ढकललं असतं. माझ्या डोक्यात लगेच दिवा पेटला. आनंद! एका चोराच्या जागी दुसरा चोर. बुधवारी मी पुन्हा ॲक्टिवा काढली, सव्वानऊला मागच्या दारानं शिरले.

तोच कल्ला, तीच धूळ, तोच कोपरा. आनंद पुढच्या दाराबाहेर होता. आवाज ऐकून धावत आत आला आणि मला पाहून त्यानं कपाळावर हात मारला.

"अरे बेन, ठोक्या वगर अंदर न अवाय! बधी भडकी जाय!"

तो आणि मी मिळून कोपऱ्यातला ढीग मोकळा केला. सगळ्यात खाली एक कोंबडी गुदमरून मेली होती. ती बाहेर काढता काढता आनंद अर्ध्या गुजरातीत, अर्ध्या हिंदीत मला समजावत राहिला. शेडमध्ये शिरताना आधी दार ठोकायचं, थांबायचं, आवाज द्यायचा, मगच उघडायचं. कोंबडी जमिनीवर मोकळी असली तर फारच सांभाळायचं. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी हे शिकवतात. त्यातून रोज निळे कपडे बघायची सवय असलेल्या कोंबड्यांना माझा पांढरा कोट. "सुभाषभाई तो बे वार ठोकता," तो दोन बोटं दाखवून म्हणाला. "हुं एक वार ठोकुं."

मी कोटावरची पिसं झटकत उभी राहिले. गुरुवारी संध्याकाळी आकडे आले. दोन नंबर पुन्हा दुपटीनं वर. मी प्लेट दुसऱ्यांदा लावली, तिसऱ्यांदा लावली. तेच आलं.

मग डायरी काढली. माझ्या बुधवारच्या गस्तीच्या तारखा एका कागदावर उतरवल्या आणि शेजारी रेघ ज्या दिवशी चढली त्या तारखा. एकही चुकली नाही. सुभाषच्या दोषाचा पुरावा म्हणून मी ज्या ज्या दिवसाला बोट लावलं होतं, त्या प्रत्येक दिवशी रक्त घेण्याआधी पाऊण तास मी तिथे शिरलेली होते. माणूस दिसताच पळतात, असं मी लिहिलं होतं. तो माणूस मीच होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

खोटं कशाला बोलू, मी लगेच सरांकडे गेले नाही. आठ दिवस गप्प बसले. त्या आठ दिवसांत मी सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला. तपासणीच्या किटचा नवा लॉट खराब असेल. फ्रीज बंद पडला असेल. आनंद सुभाषचा मित्र असेल, मला फसवत असेल. पुढच्या बुधवारी मी बसनं आले, पुढच्या दाराशी आनंदनं ठोकल्यावर सगळ्यांबरोबर आत गेले, आणि रेघ खाली आली. आता संशय घ्यायला कुणी उरलं नाही. लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती. एकोणतीस वर्षांत माझा एक आकडा खोटा निघाला नव्हता, आणि गंमत म्हणजे हाही खोटा नव्हता.

मी सगळं लिहून काढलं, सही केली आणि सरांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"ताई, हे लेखी कशाला? तोंडी सांगितलंत, पुरे आहे. अहवाल गेलाय पुढे."

"तो परत मागवा."

"तुमच्या पेन्शनला चार वर्षं राहिलीत."

"सर, त्याचं क्वार्टर रिकामं आहे का?"

समरजित वाईट माणूस नाहीत, त्यांना फक्त कटकट नको असते. शेवटी म्हणाले, "रिकामं आहे. येत असेल तर येऊ दे. वर काय सांगायचं ते मी बघतो." बैल गेला आणि झोपा केला, असं मला वाटलं. तरी बैल परत येतो म्हणाला तर झोपा असलेला बरा.

रविवारी दुपारी मी पत्ता शोधत लहरीपुऱ्याच्या मागच्या गल्लीत गेले. साड्यांना फॉल लावून देणाऱ्या दुकानावर, उभ्या लाकडी जिन्यानं चढून एकच खोली होती. सुभाष बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात तागे उचलायच्या कामाला लागला होता. आज सुट्टी म्हणून घरी होता. मला पाहून तो घाईनं उठला आणि विमलनं खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. बसले असते तर धीर सुटला असता.

"सुभाष, चूक माझी होती," मी म्हटलं. "मी मागच्या दारानं एकदम आत यायचे, त्यानं त्या घाबरायच्या. तुझा काही संबंध नव्हता. अंडीही तू नेली नाहीस. मी सगळं लिहून दिलंय. सर तुला परत बोलावतायत. क्वार्टरही तेच."

मला वाटलं होतं तो चिडेल. चिडायला हवा होता. मी शिव्या खायची तयारी करून आले होते. तो खाली मान घालून हसला, लहान मुलाची समजूत घालताना हसतात तसा.

"कशाला ताई उगाच स्वतःवर घेताय? आधी मलाही तसंच वाटलं होतं. एकदा तुम्हाला सांगायलाही आलो. पण तुम्ही पाच मिनिटं यायच्या. मी दिवसभर असायचो."

"अरे, पण तू गेल्यावर मी यायची बंद झाले! म्हणून उतरली रेघ!"

त्यानं विमलकडे पाहिलं, विमलनं माझ्याकडे. ती नजर मी ओळखली. ती माझीच नजर होती, आयुष्यभर मी लोकांकडे बघितलं ती. या बाईला आमची दया आली आहे आणि म्हणून ही गोष्ट रचते आहे, असं दोघं मनात तपासून बघत होती.

"विमलनं मला मार्केटमधून आल्यावर सांगितलं," तो म्हणाला. "त्या रात्री जेवण गेलं नाही. मग विचार केला, की असेल. माझ्या आवाजात असेल, माझ्या हाताला वास असेल. मी पत्रा जोरात ठोकत असेन. आपल्याला आपलं कळत नाही, ताई. कोंबडीला कळतं. मी गेलो आणि त्या निवांत झाल्या, हे काही तुम्ही मनानं सांगितलं नव्हतं. रक्तातून आलं होतं."

"रक्तातून आलं, पण मी ते वाचलं चुकीचं!"

"तुम्ही तर तीनतीनदा तपासता."

मी डायरी उघडून त्याच्यापुढे धरली. तारखा दाखवल्या. बोट ठेवून एकेक ओळ वाचून दाखवली. त्यानं आदरानं ऐकून घेतलं, जसं तो सरांसमोर आलेखाकडे बघत होता तसं. मी इतक्या आर्जवानं कधी कुणाला पटवायला गेले नव्हते. लोकांचं खोटं काढायची मला सवय, आपलं खरं गळी उतरवायची नाही.

"चल रे," मी शेवटी म्हटलं. "एक आठवडा येऊन बघ. मग ठरव."

"नको ताई. आत्ताच तर त्या अंड्यावर आल्यात. या वेळी पुन्हा काही झालं, तर मग लवकर सावरत नाहीत." मग इतका वेळ विचारायचं होतं ते त्यानं विचारलं. "अंडी किती आहेत आता? दोन नंबरला?"

मी म्हणाले असते, फार वाईट हाल आहेत, अंडी निम्म्यावर आली आहेत, तुझ्यावाचून त्या खात नाहीत, तर तो त्याच पावली निघाला असता. एवढंच एक खोटं हवं होतं. माझ्या तोंडून ते निघालं नाही. आकडा म्हणून विचारलेला आकडा मी कधी वाकवलेला नाही.

"शंभराला चौऱ्याऐंशी," मी म्हणाले.

त्याचा चेहरा खरंच उजळला.

"बघा," तो म्हणाला, आणि विमलला चहा टाकायला सांगितलं.